ॲशव्हिलच्या रांगेतला चौथा नंबर

अमेरिकेहून आल्यापासून आमच्या कॉलनीतल्या बाया एकच विचारतात, नायगारा पाहिला का? नाही पाहिला. लेकीनं तिकिटं काढायची तयारी दाखवली होती, पण नेमकं त्याच शनिवार-रविवारी तिला एका गाण्याच्या कार्यक्रमाला जायचं होतं. मी म्हटलं, जाऊ दे, पाणी काय पुढच्या वर्षीही पडेल, तुझा कार्यक्रम पाहू. बोलून बसले. त्या दोन दिवसांत मला जेवढे धक्के बसले तेवढे सरकारी दवाखान्यातल्या चौतीस वर्षांच्या नर्सच्या नोकरीत बसले नव्हते, आणि त्यातला एक अजून पचलेला नाही.

लेक माझी संघमित्रा, घरची मित्रा. नॉर्थ कॅरोलिनात कॅरी नावाच्या गावी राहते, औषधांच्या कंपनीत संशोधन करते. वय बत्तीस, एकटी. तिच्या बाबांचे गुडघे गेलेत, म्हणून ते नागपूरलाच राहिले आणि मी तीन महिन्यांसाठी गेले. गेल्यापासून माझी एकच तक्रार होती. पोट्टी ओ देत नाही. स्वयंपाकघरातून हाक मारावी तर ढिम्म. कानात सदानकदा ती राखाडी बोंडं. मी म्हणायची, काढ बाई ते कानातलं, आई सात समुद्र ओलांडून आली आणि तू गाणी ऐकत बसलीस? ती नुसती हसायची.

शनिवार: कॅरी ते ॲशव्हिल

बँड इंग्लंडचा. चौघं जण, उत्तरेकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या गावातले. नाव सांगून उपयोग नाही. इंग्लंडातही फारसं कुणाला माहीत नाही, असं मित्रा अभिमानानं सांगते. मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता आपल्या हिमतीवर गाणी काढणारे हे लोक, त्यांना ‘इंडी’ म्हणतात. त्यांचे चाहते मात्र दोन-दोन खंडांत विखुरलेले, आणि बँड अमेरिकेत आला की गावोगाव त्याच्या मागे जाणारे.

आदल्या दिवशी मी तिच्या कपाटातून त्या बँडचा टी-शर्ट शोधून काढला, धुतला, कडक इस्त्री केली आणि पलंगावर ठेवला. तिनं तो घडी करून परत कपाटात ठेवला आणि दुसऱ्याच कुठल्या बँडचा, काखेत भोक पडलेला, विटका शर्ट चढवला.

“आई, ज्यांचा कार्यक्रम त्यांचाच शर्ट घालून जायचं नसतं.”

“काहून? कुणी मारतं का?”

“मारत नाही. पण बरं दिसत नाही.”

आता हे काय नवीन बाप्पा. चौदा एप्रिलला आम्ही निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, छातीवर बिल्ला लावून निघतो. ज्याच्यावर प्रेम त्याची खूण अंगावर नको, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मित्रा म्हणाली, प्रेम आहे ते सगळ्यांना माहीतच आहे, मग ओरडून कशाला सांगायचं? मला काही हे पटलं नाही.

रस्ता चार तासांचा. पहिले तीन तास सपाट, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग डोंगर सुरू झाले आणि मी बोलायची थांबले. ऑक्टोबर होता. आख्खे डोंगर लाल, शेंदरी, हळदीसारखे पिवळे. आमचं चिखलदरा मी डोक्यावर घेऊन फिरते, पण चिखलदऱ्यानं इतका साजशृंगार कधी केला नाही, हे कबूल करते. मध्येच थांबून आम्ही उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. ओल्या, खारट, गरम. अमेरिकेत भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा रस्त्याच्या कडेला मिळतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? मला नव्हतं.

ॲशव्हिलला पोचल्यावर मित्रा मला थेट एका रेकॉर्डच्या दुकानात घेऊन गेली. तिथे तिचे दोन मित्र भेटले. मला वाटलं होतं तिच्या वयाचे असतील. एक होता ग्रॅहम. साठी उलटलेला, टक्कल, अंगात विणलेलं जाकीट. मूळचा त्या बँडच्याच मुलखातला. तीस वर्षांपासून व्हर्जिनियात राहतो, पाइप फिटिंगची कामं करून रिटायर झाला. माझ्याशी हात मिळवताना त्याचं कोपर एका खोक्याला लागलं, तर तो खोक्याला सॉरी म्हणाला. दुसरी टेस, इथलीच, तिशीची, लायब्ररीत काम करते. तिनं मला स्टेपलर मारलेलं एक झेरॉक्सचं पुस्तक भेट दिलं. त्या बँडवर ती स्वतः लिहिते, स्वतः छापते, स्वतःच वाटते.

टेसनं त्या दिवशी बँडची एक रेकॉर्ड घेतली. तीच रेकॉर्ड तिच्याकडे काळ्या आणि निळ्या रंगात होती, ही हिरवी.

“घरी वाजवायचं मशीन चांगलं असेल मग,” मी आपलं विचारलं.

“मशीन नाहीये माझ्याकडे,” टेस म्हणाली. “फोनवर ऐकते.”

मी मित्राकडे पाहिलं. ती म्हणाली, “आई, असं असतं.” मला घेरी यायची बाकी होती. आमच्याकडे शिलाई मशीन नसताना कुणी बॉबिनं जमवली असती तर मी त्याला थेट डॉक्टरकडे नेलं असतं.

संध्याकाळी मोटेलमध्ये खिचडी खाताना मित्रानं मला शेवटच्या गाण्याचं सांगितलं. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी गायक माइक सोडतो, गिटारची वायर काढतो आणि स्टेजच्या अगदी कडेला येऊन तसाच गातो, साध्या गळ्यानं. पुढच्या दोन-तीन ओळींनाच ऐकू येतं.

“आणि बाकीचे?”

“बाकीचे गप्प उभे राहतात.”

“ऐकू न येता?”

“हो. कुणी हलतसुद्धा नाही.”

“मग एवढे स्पीकर कशाला आणतात?” मी विचारलं. पैसे देऊन न ऐकायला उभं राहणारी माणसं असतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण मित्रा हसली नाही. म्हणाली, “मी पाच वर्षांत चार वेळा गेले आई, चारही वेळा मागे होते. या वेळी मला पुढं उभं राहायचंय. काही झालं तरी.” इतकं हट्टानं तिनं लहानपणी सायकलसुद्धा मागितली नव्हती. मी म्हटलं, राहू की, त्यात काय.

रविवार: रांग

रविवारचा कार्यक्रम लवकरचा, दार सहाला उघडणार. आम्ही रांगेत उभ्या राहिलो सकाळी सातला. अकरा तास आधी. आणि तरी आमच्या पुढं तिघं होते: ग्रॅहम, एक झोपलेला उंच माणूस आणि टेस.

ग्रॅहमकडे काळा मार्कर होता. येईल त्याच्या उजव्या हाताच्या पंजावर तो नंबर लिहायचा. मित्राच्या हातावर चार लिहिला. माझी पाळी आली तेव्हा मी डावा हात पुढं केला. उजव्या हातानं जेवायचं असतं, त्यावर कोण शाई फासून घेईल? ग्रॅहम जरा घुटमळला, मग डाव्या हातावर पाच लिहून पुन्हा सॉरी म्हणाला.

एकदा नंबर लिहिला की तुम्ही चहाला जा, संडासला जा, गाडीत झोपा. फक्त बाराला आणि चारला परत येऊन हात दाखवायचा. हे थिएटरवाल्यांनी नेमलेलं नाही, पोलिसांनी नाही, कुणीच नाही. ही माणसंच ठरवतात आणि ही माणसंच पाळतात. बाराच्या सुमाराला रांग तिसाच्या वर गेली, आणि एकानंही, नुसतं बोलायला म्हणूनसुद्धा, पुढं पाऊल टाकलं नाही. आमच्या ओपीडीत केसपेपरच्या खिडकीवर मी बायकांच्या वेण्या ओढलेल्या पाहिल्यात. इथं मी तोंडाचा आ करून बघत बसले. ग्रॅहमनं थर्मासमधून दुधाचा चहा पाजला. पाणचट होता, पण दूध घातलेला होता, म्हणून मी त्याला मनातून दहा मार्क जास्त दिले.

बाराची हजेरी झाल्यावर मी मित्राला गाडीत जेवायला नेलं. पहाटे उठून मोटेलच्या छोट्या शेगडीवर पाटवडीचा रस्सा केला होता. वर तर्री, सोबत पोळ्या. पोट्टी दोन्ही हात चालवून जेवली आणि सीट मागं करून तिथंच झोपली. तिचे हात तसेच, तेलानं लालपिवळे. माझ्या पर्समध्ये स्पिरिटचे बोळे कायम असतात, ती सवय नोकरीबरोबर सुटली नाही. मी तिची बोटं एकेक करून पुसली, नखं पुसली, पंजा पुसला. शाई निघाली तेव्हा उलट बरंच वाटलं. मला ते मतदानाच्या शाईसारखं वाटलं होतं, की एकदा लागली, आपण येऊन गेल्याची नोंद झाली, काम संपलं. स्वच्छ हात पाहून मी तिच्या पोटावर शाल टाकली आणि स्वतःही डुलकी काढली.

चारला ग्रॅहम रांगेतून हात बघत निघाला. एक, दोन, तीन. मित्रानं हात पुढं केला. कोरा. तिनं तो उलटा करून पाहिला, दुसरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

“मी पुसला,” मी म्हटलं. “तर्री लागली होती.”

मला वाटलं ग्रॅहम हसेल आणि परत लिहील. सकाळपासून आमच्यासोबत बसलेला माणूस, माझ्या डब्यातला चिवडा खाल्लेला. त्याचा चेहरा उतरला, पण मार्करचं टोपण काही त्यानं उघडलं नाही. शाई नाही तर नंबर नाही, म्हणाला. पूर्वी ते वहीत नावं लिहायचे, मग लोक मित्रांची नावं घुसडायला लागले, भांडणं झाली, तेव्हापासून हे ठरलं. आज मित्राला सोडलं तर उद्या कुणालाही सोडावं लागेल. आणि दर वाक्याला सॉरी.

“अरे बाबा, चूक माझी आहे, तिची नाही,” मी म्हटलं. “मला काय शिक्षा द्यायची ती दे.”

“आई, राहू दे,” मित्रा म्हणाली. “नियम आहे.” आणि ती बॅग उचलून निघाली शेवटाकडे. माझी पोट्टी, नवव्या तासाला, अडतिसाव्या जागेवर.

माझं डोकं फिरलं. मी तिच्या मागं जाऊन भर रस्त्यात तिच्यावरच घसरले. हे काय खूळ आहे म्हटलं, गाणं ऐकायचंय ना, मागून ऐक, पुढचे काय जास्त ऐकतात आणि मागचे काय कमी? तिचे डोळे भरले होते. मी परत आले आणि टेसकडे बघून तेच म्हटलं, की एवढं काय त्यात, मागून ऐकेल.

टेस हळूच म्हणाली, “मागून तिला नाही येणार ऐकू.” आणि माझ्या तोंडाकडे पाहून ती थांबली. “तुम्हाला माहीत नाही?”

मला माहीत नव्हतं. मग टेसनंच सांगितलं. मित्राचा उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला आहे. डावाही चाललाय. कधी पूर्ण जाईल ते डॉक्टरांना सांगता येत नाही. कानातली ती राखाडी बोंडं म्हणजे ऐकण्याची यंत्रं. यंत्रानं बोलणं कळतं, पण गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं, म्हणून शेवटच्या गाण्याला ती यंत्र काढून, जेवढा कान उरलाय तेवढ्यानं ऐकणार होती. तिनं हे त्यांच्या ग्रुपवर लिहिलं होतं. रांगेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. ॲशव्हिलच्या फुटपाथवर बसलेल्या, माझ्या लेकीला वर्षातून एकदा भेटणाऱ्या लोकांना ठाऊक होतं, आणि मी, चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांची नाडी धरलेली बाई, दीड महिना तिच्या घरात राहून तिला ओ देत नाही म्हणून बोल लावत होते. मी खाली बसले, तिथंच, कडेच्या दगडावर.

मित्रा आली तेव्हा मी एवढंच विचारलं, “का नाही सांगितलंस?”

“तू नर्स आहेस आई. तू केसपेपर काढला असतास. घराचा वॉर्ड झाला असता.” ती माझ्या शेजारी बसली. “मला थोडे दिवस तुझी पेशंट नव्हतं व्हायचं.”

खोटं नव्हतं ते.

मग मी उठले आणि ग्रॅहमपुढं माझा डावा हात धरला. पाच ठळक होता, कारण त्या हाताला ना रस्सा लागला ना स्पिरिट. म्हटलं, घुसायचं नाही हा नियम आहे ना, मग अदलाबदल तर चालेल? माझ्या जागी ती, तिच्या जागी मी. कुणाचाही नंबर मागं जात नाही. ग्रॅहम विचारात पडला. त्यानं रांगेकडे पाहिलं, टेसनं मान हलवली, मागून कुणीतरी “फेअर इनफ” म्हणालं. असं आधी कुणी केलं नव्हतं म्हणे, कारण नऊ तास उभं राहून जागा सोडणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

“तू एकटी कशी राहशील मागं?” मित्रा म्हणाली. “उभं राहावं लागतं दोन तास.”

“नाइट ड्यूट्या कुणी केल्या ग?”

माझ्या पर्समधल्या बोळ्यानंच माझा पाच पुसला. ग्रॅहमनं मित्राच्या हातावर पाच लिहिला आणि माझ्या हातावर अडतीस. या वेळी मी उजवा हात दिला.

कार्यक्रम

आत अंधार, मोरीएवढा बार आणि तीनएकशे माणसं. मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. मित्रा कुठं आहे ते मला तिच्या वेणीवरून दिसत होतं, अगदी पुढं, लोखंडी कठड्याला चिकटून.

गाणं मला आवडलं की नाही ते विचारू नका. गायक आपल्या बुटांकडे बघून गातो. आणि ऐकणारे? हाताची घडी, मान बारीक हलते, बस्स. आमच्याकडे भीमगीतांच्या गायन पार्टीचा कार्यक्रम असला की चांगल्या ओळीला माणूस उठून जातो, पेटीवर दहाची नोट ठेवतो, पेटीवाला माइकवर त्याचं नाव घेतो, आणि माणसं मंडप डोक्यावर घेतात. इथं एक गाणं लागलं, जे म्हणे रेडिओवर थोडंफार चाललं होतं, तर माझ्या शेजारचे चौघं सरळ पाणी प्यायला निघून गेले. आपल्या माणसाचं गाणं गाजलं याची यांना लाज वाटते की काय कोण जाणे. एका मुलीनं न विचारताच मला कानात घालायला स्पंजचे बोळे दिले, कान सांभाळा म्हणाली. मी ते नीट दाबून घातले.

साडेआठच्या आसपास गायकानं माइक बाजूला केला. गिटारची वायर उपटली. आणि मग मी जे पाहिलं ते मला अजून सांगता येत नाही नीट. तीनशे माणसं एकदम थांबली. बारवाल्यानं हातातला ग्लास फडक्यावर ठेवला आणि वाकून फ्रीजचं बटण बंद केलं. मी कानातले बोळे काढले. गायक कडेला आला, गुडघ्यावर बसला आणि गायला लागला.

मला काहीही ऐकू आलं नाही. त्याचे ओठ हलत होते, गळ्याची शीर फुगत होती, बोटं तारांवर फिरत होती, आणि माझ्यापर्यंत एक अक्षर पोचत नव्हतं. मी पुढं वाकले, डोळे ताणले, त्याच्या ओठांवरून काही लागतं का पाहिलं. कुणीतरी बोलतंय, आपल्या समोर, आणि आपण नुसते बघतोय. माझी पोट्टी दोन वर्षं हे करते आहे, समोरच्याच्या तोंडाकडे बघत, गेला दीड महिना टेबलाच्या पलीकडून माझ्या, आणि पुढं किती वर्षं करणार आहे. मी रडले. आजूबाजूचेही काही रडत होते, म्हणून माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पुढं मित्रानं मान वळवून डावा कान स्टेजकडे केला होता आणि ती हलत नव्हती.

बाहेर आल्यावर मी तिला फुटपाथवर शोधलं. ती एकटीच उभी होती, यंत्रं अजून हातातच.

“तुला आलं का ऐकू?” तिनं विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं.

“मला आलं,” ती म्हणाली. “त्याचा श्वाससुद्धा.”

मग ती माझ्या जवळ सरकली आणि ते गाणं तिनं मला म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हळू आवाजात, जरा बेसूर. मी एक शब्द चुकू दिला नाही.